किटमध्ये सील असतंच

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप तयार होतात. पंपांचे सुटे भाग ज्या खोलीत ठेवतात तिथे चौतीस वर्षं एकच माणूस बसत आला. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे. बाकी सगळ्यांच्या तोंडी ते 'जुनंआधी'. जुना माल आधी द्यायचा आणि नवा मागे ठेवायचा, हा स्टोअरचा पहिला नियम. त्यांनी तो कारखान्याच्या फाटकाशी सोडला नाही, घरी नेला. घरात कालचा पाव संपल्याशिवाय आजचा कापायचा नाही. त्यामुळे आजचा उरतो आणि उद्या तोच कालचा होतो. अशा रीतीने त्या घरात तीस वर्षांत कुणी ताजा पाव खाल्लेला नाही, आणि वाया मात्र एक तुकडा गेलेला नाही. वहिनी म्हणतात, "माझं नशीब म्हणून मी एकटीच. आधीची एखादी असती तर माझा नंबर लागलाच नसता."

माझं टेबल त्यांच्या जाळीच्या खिडकीसमोर आहे, तेव्हा लिहितोय ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्यांच्या निवृत्तीला आठ आठवडे उरले होते. स्टोअरमधले अडीच हजारांवर नग स्वतः मोजून नव्या माणसाच्या ताब्यात द्यायचे होते, आणि वरच्या फळ्यांसाठी शिडी चढायची होती. मोजणी मदतनिसाकडून करून घ्या, असं साहेबांनी सुचवलं. त्यावर जुनंआधींनी साहेबांकडे असं पाहिलं की साहेबांनी ताबडतोब हवापाण्याचा विषय काढला. चौतीस वर्षांत एक अपघात नाही, एक नग कमी-जास्त नाही. "उभ्याने आलो, उभ्यानेच जाणार," हे त्यांचं पालुपद. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

आमचा फिटर त्यांचा जुना वैरी, म्हणजे रोज भेटल्याशिवाय न चालणारा. तो म्हणायचा, "काका, शिडीवरून गेलात तर आडवेच जाल. फाटक रुंद आहे, काळजी नको."

या दोघांचं वैर किटवरून होतं. पंपाचं रबरी सील आणि गॅस्केट पूर्वी सुटं यायचं. पुढे दोन्ही एकाच पिशवीत येऊ लागलं, तेच किट. एकदा फिटरने चिठ्ठीवर 'किट एक, सील एक' असं लिहून आणलं. जुनंआधींनी ती चिठ्ठी सगळ्या खात्यासमोर मोठ्याने वाचली आणि विचारलं, "किटमध्ये सील असतंच. मग सुटं कशाला? कपाळाला लावायला?" लोक आठवडाभर हसले. फिटर तेव्हा हसला नाही. त्याने ते वाक्य जपून ठेवलं.

जुनंआधींना चार वर्षांपासून रक्तदाब. डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या दिल्या होत्या, रोज सकाळी दोन्ही. त्यांनी एक दिवस चुकवला नाही आणि दाबही ताब्यात राहिला. या खेपेला बाई म्हणाल्या, "आता दोन-दोन कशाला सांभाळायच्या? ही दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. आजपासून ही सुरू करा, सकाळी एक." जुन्या बंद करा, असं त्यांनी सांगितलं नाही. इतकी उघड गोष्ट सांगायची कशाला? बाहेर चौदा पेशंट खोकत बसले होते.

जुनंआधी घरी आले आणि त्यांनी शिल्लक पाहिली. जुन्या गोळ्या एकीच्या बेचाळीस, दुसरीच्या अडतीस. हा माणूस औषधही दोन-दोन महिन्यांचं भरून ठेवतो. आता पेच पडला. डॉक्टर म्हणतात नवी आजपासून. नियम म्हणतो जुनं आधी. दुसऱ्या कुणी डॉक्टरांना फोन केला असता. पण फोन करणं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे कबूल करणं, आणि ते तर चौतीस वर्षांत झालेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हुकूम पाळले. जुन्या दोन आणि नवी एक, सकाळी चहाबरोबर तीन.

"अहो, तीन?" वहिनींनी विचारलं.

"दोनाच्या तीन झाल्या."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"तू पाव काप. कालचा."

स्टोअरमध्ये प्रत्येक फळीला एक कार्ड लटकवलेलं असतं: काय आलं, काय गेलं, काय उरलं. गोळ्यांच्या डब्यालाही त्यांनी तसंच कार्ड केलं, दोऱ्याने बांधलं आणि डबा खिशात ठेवू लागले. मला दाखवलं. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीने आखलेले. मी म्हणालो, "वा!" इतक्या सुबक कार्डावर चूक असेल असं माझ्या मनातही आलं नाही. नीटनेटकं आणि बरोबर यांत फरक असतो, हे कळायला माझी वाणिज्य शाखेची पदवी पुरली नाही.

आठवड्याभरात त्यांना खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागू लागलं. घोटे सुजले. त्याचा दोष ते नव्या बुटांना देणार होते, पण नवे बूट पायात नव्हतेच. जुने अजून संपायचे होते. सल्ले मात्र फुकट आणि भरपूर मिळाले. कॅन्टीनवाल्याने अशक्तपणा ठरवला. मेहुण्याने फोनवर आलेला लेख वाचून दाखवला आणि सगळ्याच गोळ्या एकदम बंद करून लसूण खायला सांगितलं. मेहुण्याचा स्वतःचा दाब किती, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने कधी मोजलाच नव्हता. जुनंआधींनी त्याचं ऐकलं नाही. पुरवठा मध्येच तोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांचा हट्ट या एका जागी शहाणपणासारखा दिसला.

मोजणीच्या तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमारास, ते वरच्या फळीवरचे बेअरिंग मोजत होते. मी खाली आकडे लिहून घेत होतो आणि फिटर चिठ्ठी घेऊन खिडकीशी ताटकळत उभा होता.

"सदतीस, अडतीस..." वरून आवाज आला. मग, "अडतीस..." आणि पुन्हा, "अडतीस."

"काका, गाडी अडतीसलाच थांबली का?" फिटर म्हणाला.

एक बेअरिंग माझ्या पायाशी येऊन पडलं. वर पाहिलं तर काकांचा चेहरा पांढरा पडलेला, डोळे मिटलेले आणि एक पाय पायरीवरून सुटलेला. मी वही सांभाळली. एवढंच मला सुचलं. फिटर दार ढकलून आत आला, त्याने दोन पायऱ्या चढून कंबरेला मिठी घातली आणि त्या उंच माणसाला पोतं उतरवावं तसं खाली आणून जमिनीवर निजवलं. पाय एका खोक्यावर टेकवले.

"सोड," जुनंआधी पुटपुटले. "आत यायला परवानगी नाही तुला."

"पडा गप."

खिशातला डबा बाहेर घरंगळला होता. फिटरने कार्ड उचलून वाचलं. "जुनी एक, जुनी दोन, नवी एक. हे सगळं रोज?"

"रोज. एकही दिवस खाडा नाही."

"नवी कसली?"

"जोडगोळी. जुन्या दोन्हींतलं औषध एकीत आहे."

फिटरने एकदा माझ्याकडे आणि एकदा कार्डाकडे पाहिलं. सात वर्षं जपून ठेवलेलं वाक्य त्याच्या ओठांवर आलं, आणि ते त्याने अगदी हळू उच्चारलं.

"म्हणजे किट."

जुनंआधी छताकडे बघत राहिले.

"काका, किटमध्ये सील असतंच. मग सुटं कशाला?" आणि त्याच हळू आवाजात, "कपाळाला लावायला?"

प्रश्न त्यांचाच होता.

साहेबांच्या गाडीतून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डबा, कार्ड, गोळ्यांची पाकिटं सगळं बरोबर घेतलं. फिटरनेच घ्यायला लावलं. दाब इतका खाली होता की बाईंनी दोनदा मोजला. त्यांनी कार्ड वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"आठवडाभर दुप्पट औषध घेताय तुम्ही. नवी म्हणजे जुन्यांच्या जागी. जोडीला नव्हे."

"तुम्ही बंद करा म्हणाला नाहीत."

"खरंय, म्हणाले नाही मी," बाई म्हणाल्या. मोठी माणसं आपली चूक इतक्या सरळ मान्य करतात हे पाहून जुनंआधी जरा गोंधळले. त्यांना ती सवय नव्हती. बाईंनी त्यांना संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवून घेतलं, रक्त तपासलं आणि जाताना या वेळी सगळं सावकाश सांगितलं. जुन्या दोन्ही कायमच्या बंद. नवी कधीपासून घ्यायची ते परवा दाब पाहून त्या सांगतील, मग रोज ठरल्या वेळी एकच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

"म्हणजे राहिलेली मागणी पुढे ओढायची नाही?"

"ओढायची नाही. अंगदुखीची गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मनाने गोळी बंद करायची नाही. आणि बसल्यावर झटकन उठायचं नाही. आधी पाय हलवा, मग धरून उभे राहा, मग चाला."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे सगळं त्यांच्या कार्डावर लिहून द्या. माझं तोंडी चालत नाही."

राहिलेली मोजणी फिटरने शिडीवर चढून केली. जुनंआधी खाली स्टुलावर बसून त्याला प्रत्येक नग दोनदा मोजायला लावत होते. अडीच हजारांत एकही कमी भरला नाही. जुन्या गोळ्यांचा प्रश्न मात्र त्यांना मोजणीपेक्षा जड गेला. शेवटी त्यांनी चौतीस वर्षांतली पहिली भंगार-चिठ्ठी लिहिली, तीही घरच्या मालाची. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'किटमध्ये समाविष्ट'. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि गोळ्या औषधाच्या दुकानात नेऊन दिल्या. दुकानदार चिठ्ठीकडे बघतच राहिला. वहिनींनी संधी साधून दुसऱ्या दिवशी ताजा पाव कापला. मुद्दा पटला नाही. पावाला किट नसतं, असं उत्तर मिळालं.

शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण झालं. साहेबांनी हार पुढे केला तेव्हा जुनंआधी लगेच उठले नाहीत. त्यांनी आधी दोन्ही पाय हलवले, मग टेबल धरलं, मग सावकाश उभे राहिले. साहेबांना वाटलं गहिवरून आलं, म्हणून साहेबांचेच डोळे भरले. मागच्या रांगेतून फिटर ओरडला, "बघा, उभ्याने चालले!"

"तुझी चिठ्ठी चुकलीय," जुनंआधी म्हणाले. "अजून निघालो नाही." आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी त्यांनी मनात दहा आकडे मोजले. मोजणी बरोबर भरली.