शेवटची गॅरंटी

कारखान्यात त्यांना सगळे शिट्टीकाकू म्हणत. काकूंनी जन्मात कधी शिट्टी वाजवली नव्हती. पण मोडेमला फोनची वायर जोडली की जी खरखर, किंचाळी आणि शीळ निघते, ती ऐकून त्याचं काय बिनसलंय हे त्या डबा उघडायच्या आधीच सांगत. आणि तेच निघे.

तेव्हा मोडेमचा काय तोरा होता! इंटरनेट हवं तर हाच डबा हवा. तीन पाळ्यांत दोनशे माणसं राबायची, तरी माल पुरायचा नाही. त्याच भरात मालकांनी छाती फुगवून खोक्यावर छापलं, ‘दहा वर्षं गॅरंटी’. वर आणखी, दुरुस्त केलेल्या मोडेमला पुढे एक वर्ष. हिशेबवाल्यांनी कपाळाला हात लावला.

मग इंटरनेट गुपचूप, शिट्टीबिट्टी न मारता घरात यायला लागलं आणि मोडेमला कुत्रं विचारेना. पाळ्या बंद झाल्या, यंत्रं गेली, शेडमध्ये कुणाचं तरी गोदाम आलं. पण खोक्यावर छापलेला शब्द मालकांनी पाळला. एका खोलीत एक टेबल आणि शिट्टीकाकू राहिल्या. शेवटच्या मोडेमची गॅरंटी संपली की तीही खोली बंद व्हायची होती.

"आता घरी बस की," नवरा म्हणायचा.

"घरी बसून काय कुकरची शिट्टी तपासू?"

मालकही रोज यायचे. काम काडीचं नसे. समोर बसून चहा प्यायचे. दोघांनाही ती खोली सुटायला नको होती, पण बोलायचं कुणी?

शेवटच्या दिवशी दुपारी एक निवृत्त मास्तर टॉवेलात गुंडाळलेला मोडेम घेऊन आले. "वापरत नाही हो. पण गॅरंटी आज संपतेय, म्हटलं बघून घ्यावं."

काकूंनी वायर जोडली. शीळ अगदी खणखणीत!

"जरा घोगरी नाही वाटत, काकू?" मालकांनी कप खाली ठेवला.

"ठणठणीत आहे, साहेब."

मालकांचं तोंड एवढंसं झालं. काकूंनाही भरून आलं. पण चांगल्या मोडेमला त्यांनी आजवर बिघडलेला म्हटलं नव्हतं, आणि आजही म्हणणार नव्हत्या. त्यांनी गॅरंटीचं कार्ड ओढलं आणि ‘दोष नाही’ लिहायला पेन उघडलं.

मास्तर चष्मा पुसत होते. "तेवढा ह्याच्यावरचा तो हिरवा दिवा काही मला दिसत नाही. डोळे गेले, दुसरं काय!"

काकूंचं पेन थांबलं. त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला आणि मोडेमवर हाताचा आडोसा धरला. एरवी कानानेच निकाल लावणाऱ्या काकू डोळे बारीक करून बघत राहिल्या. हिरवा दिवा मिणमिणत होता. खरंच मिणमिणत होता.

"मास्तर, तुमचे डोळे शाबूत आहेत. दिवाच गेलाय!"

दहा मिनिटांत नवा दिवा बसला. कार्डावर काकूंनी ठळक अक्षरात लिहिलं, ‘दिवा बदलला. गॅरंटी एक वर्ष.’ मालकांनी त्यावर असा शिक्का हाणला की कपातला चहा बशीत सांडला.

"मग उद्या नऊला ना, काकू?"

"नऊलाच. आणि उशीर करू नका, साहेब. गॅरंटीचं काम आहे."