डाव्या डोळ्यातली लेन्स

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या गल्लीत कुणी ना कुणी उतारा ओलांडून येतं आणि मग आठ दिवस दारात बसून भुताखेताच्या त्याच गोष्टी चालतात. मी त्या घोळक्यात कधी बसले नाही. रिकामटेकड्यांची कामं, असंच वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून तर हे घरी कुणाला सांगितलं नाही... इथे नाव न देता लिहिते.

मी चौथीपर्यंत शिकले. फळा दिसायचा नाही आणि बाईंना वाटायचं, पोर मठ्ठ आहे. चष्मा लागला तो लग्नानंतर, बाटलीच्या बुडासारखा जाड. माझी मोठी नणंद कुंदाताई कल्याणला असते. "भावाची बायको म्हणून ओळख करून द्यायची लाज वाटते गं," असं ती माझ्यासमोरच चारचौघांत म्हणायची. तिनेच मागे लागून माझं लेझर करवलं. उजवा डोळा चांगला झाला. डाव्यात नंबर राहिला. एका दिव्याचे तीन दिसायचे, समोरच्या माणसाला दोन नाकं.

डोळा स्थिर होऊ दे, म्हणून सहा महिने थेंब घातले. मग चष्मा करून बघितला. अक्षरं जरा बरी दिसली, पण दुसरं नाक काही गेलं नाही. शेवटी ठाण्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं — बुबुळावरचा पडदा पातळ झालाय, पुन्हा लेझर करायचं नाही. त्याऐवजी मोठी, कडक लेन्स लावा. तिच्यात सलाईनचं पाणी भरून ती डोळ्यावर बसवतात, खालचा ओबडधोबडपणा त्या पाण्याने भरून निघतो.

कुंदाताईला हे पटलं नाही. "डोळ्यात वाटी घालून फिरणार? मग लेझर कशाला केलं?" तिने पुन्हा लेझर करायला कल्याणला दुसरीकडे सोमवारची वेळ घेतली. वर मला बजावलं, "ठाण्याचे कागद तिथे दाखवायचे नाहीत. कागद बघितले की डॉक्टर घाबरतात." आमचे हे म्हणाले, "ताई सांगते ना, जा." मला नाही म्हणता येत नाही. मला माहीत होतं, सोमवारी मी मुकाट्याने जाऊन टेबलावर झोपणार आणि डोळा जाणार.

त्याआधीचा गुरुवार. लेन्स घालायला शिकवणार म्हणून मला ठाण्यालाच, नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये दुपारी बाराला बोलावलं होतं. मी साडेअकरालाच पोचले. काउंटरवरची मुलगी फोनवर होती, तिने हातानेच बसा म्हटलं. बाकड्यावर बसले. थोड्या वेळाने आतलं दार उघडून एक बाई म्हणाली, "ये."

पन्नाशीची असेल. पांढरा कोट, हात ओले. टेबलावर आरसा आडवा ठेवलेला. तिने लेन्स पाण्याने काठोकाठ भरली, तीन बोटांवर धरायला दिली.

"मान खाली. तोंड जमिनीकडे. पाणी सांडलं तर परत."

पाणी सांडलं. परत भरली. बुडबुडा राहिला. परत. माझ्या डोळ्याला धार लागली.

"रड. चौथीतही अशीच रडली असशील."

हे तिला कुणी सांगितलं, ते माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. शरमेने मान अजून खाली गेली.

"सोमवारी जाशील तिथे कोंबडीसारखी. मान धरली की गप्प."

मी म्हटलं, "तुम्ही असं का बोलता?"

"मग काय ओवाळू? तुझं भलं करायला नाही बसले मी. मला असले डोळे बघवत नाहीत. घाल."

तिने माझी मान मागून दाबली. बोटं बर्फासारखी. मी चिडले... आयुष्यात पहिल्यांदा इतकी चिडले असेन. रागातच पापण्या ताणून धरल्या आणि लेन्स बसली. आरशात माझं नाक दिसलं. एकच.

वर बघितलं तर मी बाहेरच्या बाकड्यावर होते.

काउंटरवरची मुलगी सांगत होती, "काकू, मी तुम्हाला फोनच करणार होते. तुमची लेन्स आलीच नाही अजून. शनिवारी येईल. शिकवणाऱ्या मॅडम पण आज सुट्टीवर."

"आत आत्ता त्या..."

"आत कोणी नाही. तुम्ही इथेच होतात ना? मान खाली घालून. मला वाटलं, डोळा लागला."

मलाही तसंच वाटलं असतं. पण तिच्या मागच्या भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ मला डाव्या डोळ्याने वाचता येत होती.

नंबर काढणाऱ्या सरांनी मशीनवर बघितलं आणि म्हणाले, "ही तुम्ही कुठून आणलीत?" रबराच्या छोट्या बोंडीने त्यांनी लेन्स ओढून काढली. नवी होती, चरासुद्धा नव्हता. शनिवारी माझी लेन्स आली तेव्हा दोन्ही मोजल्या. सारख्या भरल्या. पहिली कुठली ते माहीत नाही म्हणून सरांनी ती वापरू दिली नाही. मीच म्हटलं, मोडून टाका. मानेवर बोटं दाबलेली जागा तीन दिवस दुखत होती.

सोमवारी कुंदाताई रिक्षा थांबवून वर आली. "चल गं, आवर."

"मी येत नाही."

"काय?"

"येत नाही. यायचंच असेल तर हा कागद घेऊन येईन. आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवेन."

"चौथी पास बाई मला कागद दाखवते," ती ह्यांना म्हणाली. "बघ रे, तुझ्या बायकोला वाचा फुटली."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद पुढे धरला. त्यांनी तो घेतला, खाली बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "ताई, रिक्षा सोडून दे."

ती अजून आमच्याकडे येत नाही. मला बरंच आहे.

आता रोज सकाळी मीच लेन्स घालते, मान खाली घालून. शिकवणाऱ्या खऱ्या मॅडम नंतर भेटल्या — तरुण आहेत, गोड बोलतात. त्यांनी विचारलं, "इतकं छान कुठे शिकलात?" मी लेन्सची डबी बंद केली. ती बाई कोण, लेन्स कुठली, मला माहीत नाही. सरांनाही नाही. ह्या डोळ्याला जे दिसतं ते तिच्यामुळे, हे मी नाकारत नाही. पण ती पुन्हा समोर आली तर मी पाया पडणार नाही. माझ्या शाळेवरून ती जे बोलली, ते मी विसरलेले नाही.