किसनचा ठेका

सुरुवात गाढवपणानंच करतो, म्हणजे पुढं वाचताना तुमची फार निराशा व्हायची नाही. पुतण्याचं, मल्लूचं, लग्न ठरलं होतं आणि त्यासाठी दोन्ही घरांचा मिळून एक ग्रुप केला होता. पुण्याला असलेल्या माझ्या मुलीला, शिवानीला, पाठवायचा म्हणून बोललेला एक व्हॉइस मेसेज मी चुकून त्या ग्रुपवर टाकला. मेसेज असा होता — "चोर आहेत लेकाचे सगळे! दुसऱ्याच्या घरातलं उचलायचं आणि आपलं म्हणून मिरवायचं. ह्यांना चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे!" आदल्याच दिवशी मानपानाची बोलणी झालेली. दुधनीहून नवरीच्या आजोबांचा फोन आला, "आमचं काय चुकलं असंल तर तोंडावर सांगा की."

काय सांगणार? की आजोबा, मी तुम्हाला नाही, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांना शिव्या देत होतो?

पण खरंच तसं होतं. शिवानीनं मला रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या इतिहासावरची व्याख्यानं पाठवली होती. "पप्पा, दुकानात नुसते बसता, हे ऐका." माझं हार्डवेअरचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसतं. कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून मी ऐकायला लागलो आणि — कसं सांगू — पेटलोच. ते संगीत मुळात काळ्या माणसांचं. दक्षिणेतल्या शेतांवर राबणाऱ्यांचं, त्यांच्या चर्चमधलं, त्यांच्या गुत्त्यांतलं. त्यांच्या रेकॉर्डी वेगळ्या खणात ठेवायच्या. कव्हरवर कधी गाणाऱ्याचा फोटोच छापायचा नाही, काळा चेहरा बघून गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. मग तेच गाणं एखाद्या गोऱ्या, भांग पाडलेल्या पोराकडनं गाऊन घ्यायचं आणि मोठ्या रेडिओवर वाजवायचं ते त्याचं. गाणं रचणाऱ्याच्या नावाशेजारी, ज्यानं एक ओळ लिहिली नाही अशा रेडिओवाल्याचं नाव टाकायचं. माझं रक्त उकळायचं. रोज शिवानीला मेसेज. "चोर." "हरामखोर." ती हसायची, म्हणायची, पप्पा, तुम्ही एवढे क्रांतिकारक कधी झालात?

तर ग्रुपवर मी माफी मागितली, सगळा खुलासा केला. सगळे हसले. आणि त्यावर मल्लूनं लिहिलं — "काका, ते गोरे-काळे राहू द्या. हळदीला आपला बसूकाकाचा ठेका वाजणार आहे. मस्त रेकॉर्ड करून तुमच्या नावानं नेटवर टाकतो."

बसूकाकाचा ठेका.

मी फोन गल्ल्यावर उलटा ठेवला. आता जे सांगतो ते मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एकदा सांगितलं. पण त्याला सांगणं म्हणत नाहीत. ते येईलच पुढं.

आमच्या घरात लग्न असलं की हा ठेका वाजतो. बँडवाल्याला आधी समजावून सांगायचं, तो दोनदा चुकणार, मग मी पुढं होऊन खुर्चीच्या पाठीवर वाजवून दाखवणार, बायका म्हणणार "बसूभावजींनी कॉलेजात असताना बसवलाय हो". सासऱ्यांनी मला पसंत केलं ते ह्याच ठेक्यावर. अक्कलकोटला त्यांच्या माहेरी — चुकलो, बायकोच्या माहेरी — अजून ती गोष्ट सांगतात. तीस वर्षं मी ती गोष्ट रंगवून सांगतोय. घरात गोष्टी सांगणारा मीच ना.

ठेका किसनचा आहे.

किसन माझ्या वर्गात होता. रेल्वे रुळापलीकडच्या वस्तीत राहायचा. त्याचे वडील, चुलते हलगी वाजवायचे — वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, आणि कुणी मेलं की मयतीच्या पुढं. मी बेंजो वाजवायचो, तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही दोघांनी मिळून काहीतरी वाजवायचं ठरवलं. किसननं त्या आठवड्यात तो ठेका बांधला. चालीतला पहिला ठोका तो नुसता पुसट सोडायचा आणि दुसऱ्यावर असा हाणायचा की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जावा. चौथ्यावर पुन्हा. आता ती व्याख्यानं ऐकताना कळलं, रॉक अँड रोलचा सगळा जीव तिथंच आहे — दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरच्या त्या जोरात. व्याख्यान देणारा टेबलावर वाजवून दाखवत होता आणि मला दिसत होता किसनचा हात. त्यानं काय अमेरिका ऐकली होती? त्याच्या घरात रेडिओ नव्हता.

ठेका शिकायला मी त्याच्या घरी जायचो. त्याची आई भाकरी वाढायला घ्यायची आणि मी म्हणायचो, माझा सोमवार आहे. आम्ही वीरशैव, सोमवार धरतो, हे खरं. पण मी गुरुवारीही सोमवार धरला. शुक्रवारीही. किसन एकदा म्हणाला, "बसू, आज बुधवार हाय की रे." आणि हसला. मीही हसलो. कशाला हसलो? त्याची आई म्हणाली, "असू दे, लई देवाचं पोरगं हाय. उपासाला शेंगा चालत्यात." तिनं तव्यावर शेंगा भाजल्या आणि माझ्या दोन्ही खिशात भरल्या. पुढं मी गेलो की शेंगा तयारच. मी त्या घेऊन निघायचो आणि रूळ ओलांडला की गटारात टाकायचो. खिसे उलटे करून झटकायचो. एकही शेंग फोडली नाही. वीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. बाहेर जातपात मानत नाही म्हणून वादविवाद स्पर्धेत भाषणं ठोकायचो. बक्षीस मिळालंय मला त्यात. हसा.

गॅदरिंगच्या संध्याकाळी वडील म्हणाले, अक्कलकोटची माणसं येणार आहेत तुला बघायला. पहिल्या रांगेत बसतील. मुलीचे वडील, मामा.

आणि मला घोर लागला. कशाचा? मुलीचा नव्हे. स्टेजवर माझ्याशेजारी हलगी असेल ह्याचा. हलगीबरोबर हलगीवाला असेल, त्याचं नाव पुकारलं जाईल, आडनाव पुकारलं जाईल, आणि पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडं बघतील.

मी गॅदरिंगच्या सरांकडं गेलो. मनात होतं, सरच नको म्हणतील. म्हटलं, "सर, हलगी स्टेजवर बरी दिसेल का?" सर म्हणाले, "अरे, आण की! बिनधास्त आण. काहीतरी नवीन ऐकू दे लोकांना."

तिथून मी हॉलच्या मागं गेलो. किसन उकिडवा बसला होता. जुने पेपर पेटवून त्यावर हलगी शेकत होता — कातडं ताणलं जावं, आवाज कडक निघावा म्हणून शेकतात. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं. मी म्हटलं, "किसन, सर नको म्हणाले."

"सर म्हणाले?"

"हो."

बस. एवढंच. त्यानं चपलेनं जाळ विझवला. हलगी फडक्यात गुंडाळली. आणि मला म्हणाला, "तुझं चांगलं कर." सर आत विचारत होते, किसन कुठंय? मी सांगितलं, त्याला ताप आलाय. आमच्या वर्गातल्या एकाकडं ड्रमसेट होता, त्याला मी तो ठेका धरून दिला. निवेदकानं चिठ्ठीवरचं वाचलं, "ठेक्याची रचना स्वतः बसवराज यांची." ती चिठ्ठी निवेदकाला कुणी दिली? मीच. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या मामांनी शिट्टी मारली. मी वाकून नमस्कार केला.

आता मला सांगा, त्या कव्हरवरचा फोटो काढून टाकणाऱ्यांना मी कुठल्या तोंडानं शिव्या घालत होतो? त्यांना निदान धंदा करायचा होता. मला काय करायचं होतं?

मल्लूच्या त्या मेसेजनंतर मी एका वर्गमित्राकडनं किसनचा नंबर मिळवला. तो नातेपुत्याला शाळेत शिक्षक आहे. फोन लावला. "बोल की बसू," असं म्हणाला, जणू काल भेटलो होतो. मी सगळं सांगितलं. गॅदरिंगचं, सरांचं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सरांनी विचारलं, ताप उतरला का रे? मी म्हणलं, उतरला सर."

म्हणजे त्यानं मला झाकलं. आणि तरी तो माझ्या लग्नाला आला होता! आहेर घेऊन. वरातीत त्याचाच ठेका वाजत होता आणि मी घोड्यावर होतो.

मी म्हटलं, किसन, हळदीला ये, मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो. त्यावर मात्र त्याचा आवाज चढला. "कशाला येऊ? पुरावा म्हणून उभा राहू काय तुझ्या मांडवात? तुला आता हलकं व्हायचंय, मी काय ओझं धरायला येऊ? नाव घ्यायचं तर घे. मला मधी घालू नको." मग म्हणाला, "आई शेवटपर्यंत विचारायची. ते उपासवालं पोरगं कसं हाय, म्हणायची. तिच्या शेंगा तरी खाल्ल्या व्हत्यास का रे?"

मी म्हटलं, "खाल्ल्या की."

वाचलंत ना? कबुली द्यायला फोन केला आणि त्या फोनवर पुन्हा खोटं बोललो. पन्नाशी उलटल्यावर. ह्या खोट्याला सासरे नव्हते, पहिली रांग नव्हती. कुणी बघत नव्हतं.

हळदीच्या दिवशी मल्लूनं माईक माझ्या हातात दिला. कॅमेरा चालू. मी म्हटलं, आज खरी गोष्ट सांगतो. आणि सांगितली. हा ठेका माझा नाही, किसनचा आहे, मी चोर आहे. सरांचा आवाज काढून दाखवला, "बिनधास्त आण!" ड्रमसेटवाला कसा धांदरटासारखा चुकत होता ते दाखवलं. सासरे मान कशी डोलवत होते तेही. लोक खो खो हसत होते. दुधनीचे आजोबा डोळे पुसत होते हसून. शेवटी मी म्हटलं, "तर हा किसनचा ठेका," आणि मल्लू ओरडला, "काकांनी काय किस्सा रंगवला राव!" आणि बँडनं सुरू केलं. सगळे नाचले. व्हिडिओ नेटवर गेला. खाली नाव माझंच.

मला संताप आला. घरी येताना स्कूटरवर मी बायकोला, महानंदाला, ऐकवत होतो — काय माणसं आहेत ही! माणूस काळीज काढून ठेवतोय आणि ह्यांना तमाशा वाटतोय! एकाला तरी कळलं का? एकानं तरी विचारलं का, किसन कोण, कुठं असतो? सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तरी माझं चालूच होतं. शेजारचे रिक्षावाले बघायला लागले.

"सुम्निर्री," ती म्हणाली. ती चिडली की माहेरच्या कानडीत गप्प करते. सिग्नल सुटला. दारात स्कूटर लावली तेव्हा उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"लोकांवर कशाला चिडता? हसतील असंच सांगितलंत की तुम्ही."