दोन कारणे लिहा

दुपारी जेवून मी बाबांच्या कॉटवर आडवी होते. पंखा फिरतोय, शेजारी कुणीतरी भांडी घासतंय आणि ती वही माझ्या पोटावर उघडीच आहे. डोळे मिटतायत. कॉट पायाकडून जरा दबते. कुणीतरी बसलंय.

"पेन आण," बाबा म्हणतात.

बाबांना जाऊन पाच महिने झाले. छत्तीस वर्षं त्यांनी चाळीसगावच्या शाळेत इतिहास शिकवला आणि अर्धांगवायूच्या झटक्यात वाचाच गेली. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना पाठ असलेलं विचारत जा, शब्द परत येतील. म्हणून मी वहीत रोज वीस प्रश्न काढायचे. टेलिफोनचा शोध कोणी लावला? लोकसभेची मुदत किती वर्षांची? बाबा घाम गाळत एकेक उत्तर ओढून आणायचे आणि मी, शेवटी मास्तरांचीच मुलगी, लाल पेनानं बरोबरची खूण करायचे. चुकलं तर फुली. आजारी माणसाला कुणी फुली मारतं का? आमच्या घरात मारतात.

आता बाबा स्वच्छ बोलतायत. मला एवढा आनंद होतो, की तुम्ही आलात कसे, हे विचारायचंही सुचत नाही.

आम्ही वर्गात आहोत. बाकांच्या रांगेत सलाईनचा स्टँड उभा आहे. खिडकीबाहेर आमच्या घरचे टॉवेल वाळतायत. बाबा डाव्या हातानं फळ्यावर लिहितात. उजवा अजून लुळाच आहे.

"दोन कारणे लिहा. मुलगी वडिलांवर ओरडली. गुण दोन."

"बाबा, हा प्रश्न नको."

"सक्तीचा आहे."

मला ठाऊक आहे, कुठला दिवस. तेरावा प्रश्न होता, दुसरं महायुद्ध कधी संपलं? बाबा बराच वेळ धडपडले आणि म्हणाले, एकोणीसशे चोपन्न. मी फुली मारली, इतक्या जोरात की कागद फाटला. ओरडले, "हेसुद्धा विसरलात? जन्मभर शिकवलंत ना!" बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर एकही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी गेले.

"उत्तर चुकलं होतं म्हणून," मी म्हणते.

"हे एक झालं. दुसरं?"

बाक आता दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. मी त्यावर बसलेय आणि माझे पाय जमिनीला पोचत नाहीत.

"वेळ संपत आलाय, विशू."

मला हुंदका येतो. आजारपणाच्या नऊ आठवड्यांत त्यांना माझं नाव एकदाही घेता आलं नव्हतं.

"मला वाटलं, महायुद्ध विसरलात तर मलाही विसराल. घाबरले होते, बाबा. फार घाबरले होते."

बाबा खडू खाली ठेवतात. "हे पुस्तकात नाही."

"पण बरोबर आहे का?"

"वही दे."

मी वही पुढे करते. चुकलं माझं, एवढंच म्हणायचंय. तोंड उघडते आणि शब्द येत नाही. ओठ जुळवते, घाम फुटतो. बाबा समोर थांबलेत. त्यांना अजिबात घाई नाही.

घंटा होते.

खाली कुल्फीवाला आलाय. साडेचार वाजलेत, उशी ओली आहे. लाल पेन माझ्या डाव्या हातात आहे, टोपण उघडं. मी उजव्या हाताची. तेराव्या प्रश्नासमोर, फाटक्या फुलीशेजारी, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, २ पैकी २. शाई बोटाला लागते.

बाबांनी मला आयुष्यात कधी पैकीच्या पैकी दिले नाहीत. अक्षराचा अर्धा गुण तरी कापायचेच.

"चुकलं माझं," मी म्हणते. आता जमतं, पण खोलीत कुणी नाही.

त्या दिवशी चौदावा प्रश्न विचारायचाच राहिला होता. भारतातली पहिली रेल्वे कोठून कोठे धावली? मी तो मोठ्यानं वाचते आणि बाबांना उत्तराला लागायचा तेवढा वेळ थांबते.