सेहेचाळीस घटनांचं टोक

मिआओ सूछिन एकतीस वर्षांच्या असताना त्यांना आलेखात एक टोक दिसलं होतं. बीजिंगच्या पश्चिमेकडच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवत. त्यातून एक जड कण जन्मे आणि क्षणात फुटे. फुटताना प्रकाशाचा एक कण निसटे, उरलेल्यातून कधी पायॉन नावाच्या हलक्या कणांची जोडी निघे, कधी केऑन कणांची. या जोड्यांचं वस्तुमान मांडताना एकाच जागी घटना, म्हणजे नोंदलेल्या टकरी, जास्त भरल्या आणि आलेख तिथे टोकासारखा वर गेला. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांचाच बनलेला, क्वार्क मुळीच नसलेला गोळा, म्हणजे ग्लूबॉल, असाच दिसेल असं तेव्हा सगळे म्हणत. टोकात घटना जेमतेम सेहेचाळीस. तरी शोधनिबंध छापून आला. हुनान प्रांतात त्यांच्या आईने शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं.

आता त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्या गटातल्या तरुण थान युए हिने नव्या मोजणीवर निबंध लिहून तपासायला दिला. सत्तेचाळिसाव्या पानावर, परिशिष्टात, सूछिनबाई थांबल्या. त्यांनी तिला बोलावलं.

"ही आकृती इतकी मागे का ढकललीस?"

"पुढे जागा नव्हती, बाई."

"आभार मानायला दीड पान आहे की."

थान युए खाली बघत म्हणाली, "शंभरपट घटना घेतल्या. टोक दिसत नाही. तीनदा तपासलं. तिथे क्वार्कचेच बनलेले दोन कण, रुंद पसरलेले स्केलर मेसॉन, एकमेकांत मिसळतात. ते धरले की सगळं जुळतं."

"मला कधी सांगणार होतीस? मी निवृत्त झाल्यावर?"

"हो."

त्या खरेपणावर रागावणं बाईंना जमेना. "पहिल्या पानावर घे," त्या म्हणाल्या.

घरी नवरा, पेइ, लसूण सोलत होता. बसदुरुस्तीत आयुष्य गेलेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना खोटं सांगत होतो?"

"खोटं नव्हतं. चुकलं होतं."

"शेजारच्या छ्यूला काय सांगू?"

"त्याच्या लक्षात तरी आहे का?"

"दर नववर्षाला मीच आठवण करून देतो ना."

सूछिनबाई हसल्या. मग उगाचच लसणाची सालं गोळा करत राहिल्या. पेइने त्यांना बराच वेळ एकटं सोडलं.

गटाच्या बैठकीत तो आलेख त्यांनी स्वतःच दाखवला. जुन्या सेहेचाळीस घटना लाल रंगात, नव्या काळ्या. मागून एकाने विचारलं, "मग ग्लूबॉल नाहीच का?"

"ते मला माहीत नाही. मी सांगितलं होतं तिथे नाही, एवढं माहीत आहे. कदाचित तो याच मेसॉनांमध्ये वाटला गेला असेल. मग एकट्याने सापडायचा नाही. कोणता मेसॉन कोणत्या जोड्यांत किती वेळा फुटतो, ते सगळं मोजून काढावं लागेल."

बैठकीनंतर कामाची वाटणी झाली. पायॉन आणि केऑन थान युएने घेतले. ईटा कणांच्या जोड्या कुणालाच नको होत्या. मोजायला किचकट, घटना थोड्या. निवृत्तीला चार वर्षं होती. सूछिनबाईंनी त्या आपल्याकडे घेतल्या.