कुमुदताईंचं सस्पेन्शन

हिंजवडीत कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो, तेव्हा सरांचा फोन आला. ‘‘कुमुद गेली,’’ ते म्हणाले, ‘‘सकाळी, झोपेतच.’’  मग म्हणाले, ‘‘येशील ना? रिक्षानं ये. गल्लीत गाडी लावायला जागा नाहीये.’’ आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला हा माणूस बायको गेल्यावरही आधी पार्किंगचा विचार करत होता... आणि वाटलं, ताईंनी हे ऐकलं असतं, तर म्हणाल्या असत्या, बरोबर आहे त्यांचं. याला आता दीड महिना झाला.

कुमुदताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. शॉक अब्सॉर्बर बनवणाऱ्या एका कारखान्यात, चाचणी विभागात, त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्वेनगरच्या बंगल्यातलं गॅरेज रिकामं केलं आणि ज्यांना वेगात गाडी चालवायची हौस आहे, अशा लोकांना रस्त्याचे धक्के झेलणारं सस्पेन्शन निवडून, बसवून, जमवून द्यायला सुरुवात केली. सुती साडी, वर खाकी एप्रन, केसांना पेन्सिल खोचलेली. सहा वर्षांपूर्वी मी एक जुनी पण भन्नाट पळणारी छोटी गाडी घेतली होती आणि मोकळ्या मैदानावरच्या शर्यतींत उतरायचं ठरवलं होतं. त्यासाठी कॉइलओव्हर हवे होते. म्हणजे शॉक अब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकत्र जोड, ज्यानं गाडीची उंची आणि कडकपणा आपल्याला हवा तसा बदलता येतो. आठवडाभर इंटरनेटवर वाचून तीन सेट निवडले होते. तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘‘गाडीत कोण कोण बसतं?’’

‘‘मीच.’’

‘‘आणि?’’

‘‘आई. कधीतरी.’’

‘‘आईचं वजन किती?’’

मला माहीत नव्हतं. ‘‘आईचं वजन ठाऊक नाही आणि स्प्रिंग निवडायला निघाले,’’ त्या म्हणाल्या आणि सरळ जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या. मला खडकवासल्यापर्यंत नेऊन परत आणायला सांगितलं.  सगळा रस्ता त्यांचे डोळे मिटलेले, तळहात सीटवर सपाट टेकवलेला. घरी आल्यावर तीनही नावांवर काट मारली आणि चौथं एक नाव लिहिलं, जे मी कधी ऐकलंही नव्हतं. दिसायला साधं, गाडी जेमतेम बोटभर खाली आणणारं. ‘‘हे सेट दाखवायला चांगले आहेत,’’ माझ्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘तुला दाखवायचंय की चालवायचंय, ते घरी जाऊन ठरव.’’

मी घरी जाऊन चुकीचं ठरवलं. मित्रांच्या गाड्या जमिनीला टेकल्यासारख्या दिसत, माझीही तशी दिसायला हवी होती. सगळ्यांत खाली जाणारा, सगळ्यांत कडक सेट मी दुसरीकडून बसवून घेतला. महिन्याभरानं शहराबाहेरच्या एका मैदानावर शर्यत होती. दुसऱ्या फेरीत, भर वळणावर, जमिनीतल्या एका साध्या उंचवट्यावर गाडी उडाली. चाकं जमिनीवरून सुटली, स्टिअरिंग फिरवलेलं असूनही गाडी सरळ गेली आणि मार्ग आखायला ठेवलेले शंकू उडवत थेट, इशाऱ्याचा झेंडा घेऊन उभ्या असलेल्या, आयोजकांपैकी शेळकेकाकांच्या दिशेनं. त्यांनी बाजूला उडी घेतली म्हणून वाचले. पण पडताना मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. आता बोलणी बसणार, असं वाटत होतं.

‘‘ते शेळके कसे आहेत?’’ त्यांनी विचारलं.

‘‘प्लास्टर घातलंय म्हणे.’’

‘‘म्हणे? भेटून नाही आलास?’’

मी मानेनंच नाही म्हटलं.

‘‘मग इथे कशाला आलास? गाडी कुठे पळून चालली आहे का? आधी तिकडे जा.’’

गेलो. येरवड्याला त्यांच्या घरी बसलो, चहा घेतला, काय बोललो ते आठवत नाही. शेळकेकाका चिडले नव्हते, त्यामुळे आणखीच लाज वाटली. तिथून परत आलो, तर मी ठेवून गेलेली गाडी ताईंनी जॅकवर चढवून पुढचं चाक काढलेलंही होतं. शॉक अब्सॉर्बरच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा त्यांनी मला दाखवला. चेचून त्याचा पार भुगा झाला होता. ‘‘चाकाला वर यायला जागा लागते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गाडी खाली आणून तू ती जागाच संपवलीस. जमिनीनं ढकललं, स्प्रिंग संपली, मग चाक जाणार कुठे? मऊपणा म्हणजे लाड नाहीत रे. चाक जमिनीला धरून ठेवणं म्हणजे मऊपणा.’’ ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

पुढचे चार रविवार मी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांनी लिहून दिलेला तो सेट आणला. घरच्या वजनकाट्यावर आईला उभं केलं, आई लाजून हसत होती. मग पुढच्या स्प्रिंग वेगळ्या, मागच्या वेगळ्या, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर तीच फेरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कुठल्या गोष्टीनं काय झालं, ते कळत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की ऑफिसात कोड तपासतानाही मला त्यांचाच आवाज ऐकू यायचा. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच वळणावरून गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. झेंडा शेळकेकाकांच्याच हातात होता.

त्या सगळ्यांशी चांगल्या वागायच्या, असं मी म्हणणार नाही. एका मित्रानं नकली सेट बसवला, म्हणून त्याच्याशी त्या दोन वर्षं बोलल्या नाहीत, आणि मला तो अन्याय वाटला, अजूनही वाटतो. कौतुक तर त्यांच्याकडून कधी मिळायचंच नाही. ‘‘चालेल’’ ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी.

गेल्या वर्षी त्यांच्या पाठीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि कळलं की कॅन्सर आहे आणि तो मणक्यापर्यंत पोचलाय. उपचारांसाठी आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलला जायचं होतं. सरांनी जन्मात गाडी चालवली नव्हती आणि टॅक्सीत प्रत्येक खड्ड्याला ताईंचा चेहरा पांढरा पडायचा. मी सुट्ट्या जोडून घेतल्या. पहिल्या दिवशी सकाळी, त्यांना न सांगता, चारही शॉक अब्सॉर्बरच्या, कडकपणा बदलणाऱ्या खुंट्या काही ‘क्लिक’ फिरवून गाडी मऊ करून नेली. पहिलाच स्पीडब्रेकर ओलांडला आणि मागून आवाज आला.

‘‘किती क्लिक?’’

‘‘पुढे सहा. मागे आठ.’’

‘‘मागे अजून दोन कर.’’ पुढचा स्पीडब्रेकर गेल्यावर म्हणाल्या, ‘‘आणि मला विचारलं नाहीस, ते बरं केलंस. मी नको म्हटलं असतं.’’

चार महिने आम्ही तसे जात-येत राहिलो. शेवटच्या खेपेला परत येताना कर्वे पुतळ्यापाशी आरशात पाहिलं, तर ताई झोपल्या होत्या. गाडीत त्यांना झोपलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्या की त्या ऐकत असायच्या. दुखण्यानं घरीसुद्धा त्यांना झोप लागत नाही, असं सर सांगायचे. घराची गल्ली आली. मी आरशातूनच ताईंशेजारी बसलेल्या सरांकडे पाहिलं. सरांनी बोटानंच खूण केली, पुढे चल... थांबलो असतो, तर त्या जाग्या झाल्या असत्या. मग वारज्यापर्यंत गेलो, वळलो, पुन्हा आलो, पुन्हा गेलो. पाऊण तास त्या झोपल्या होत्या. जागं झाल्यावर त्यांनी बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘रस्ता चुकलास का रे?’’

पुढच्या महिन्यात शर्यतींचा सराव सुरू होतोय. खुंट्या परत फिरवून गाडी कडक करायला हवी, ते पाच मिनिटांचं काम आहे. अजून केलेलं नाही. परवा सरांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ते माझ्या शेजारी पुढे बसले, पिशवी मांडीवर घेऊन. पौड रस्त्याच्या उखडलेल्या भागावरून गाडी अलगद गेली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘हे तिनं केलंय का?’’

‘‘नाही सर, हे मी केलंय,’’ मी म्हणालो. ‘‘मागचे दोन क्लिक तेवढे त्यांचे.’’

त्यांनी मान हलवली. पुढचा खडबडीत पट्टा येताना दिसला, तेव्हा त्यांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली आणि डोळे मिटून घेतले.