पहिली सही काकाची

काकाला त्याच्याच स्टँडवरच्या लोकांनी मारलं, ते माझ्यामुळे. त्या दुपारी मी ऑफिसात होते, माझा हात कुणाला लागला नाही. तरीही माझ्यामुळेच.

काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. आम्ही जळगावच्या कडेला, हायवेलगतच्या वसाहतीत राहतो. तिथून एमआयडीसीवरून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा चालतात आणि त्या स्टँडचा काका पुढारी. त्याचा हात फार लवकर उठतो. मी सहावीत असताना एका प्रवाशाने त्याला आईवरून शिवी दिली. काकाने रिक्षा कडेला घेतली, त्याला बाहेर ओढलं आणि त्याचं डोकं टपाच्या दांडीवर आपटलं. दोनदा. मी मागे दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. मग काका शर्टाला हात पुसत पुढे येऊन बसला आणि म्हणाला, "भ्यानी का? चाल, तुले उशीर व्हई ऱ्हायना."

दहा वर्षं त्याने मला इंग्लिश मीडियमच्या शाळेत सोडलं. रिक्षात कुणीही बसलं की सांगायचा, "मनी पुतनी शे. फाडफाड विंग्रजी वाचस." मी खाली बघायचे.

आता मी एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. काकाची वेळ आणि माझी वेळ जुळत नव्हती, म्हणून स्टँडवरची मिळेल ती रिक्षा. तिघांच्या सीटवर चौघं. पाण्याच्या टाकीपाशी रोज एक माणूस चढायचा. पन्नाशीचा, कपाळाला गंध, हातात डब्याची पिशवी. आधी कोपर, मग पिशवीच्या आडून हात. मी मधे पर्स ठेवून पाहिली, छत्री ठेवून पाहिली. एकदा सेफ्टी पिन टोचली. त्याने हात काढला, बोटावरचं रक्त चोखलं आणि माझ्याकडे बघून हसला.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकाने त्याला मारून टाकलं असतं. ही बोलण्याची पद्धत म्हणून लिहीत नाहीये.

अशात महापालिकेचा प्रस्ताव आला. आमच्या रस्त्याच्या मधोमध फक्त बसची लेन, दोन्ही बाजूंनी कठडे, मधे थांबे, दर थोड्या वेळाने बस. आणि त्या रस्त्यावर शेअर रिक्षा बंद. पेपरात त्या बसचं चित्र आलं होतं. प्रत्येकाला वेगळी सीट, दोन सीटच्या मधे हाताला टेकायची दांडी. ते चित्र मी मोबाईलमधे काढून ठेवलं.

काका म्हणाला, "मना पोटवर पाय ठेवतस, आन् कठडा बांधतस."

आमच्याकडे कुठलाही वाद मिटवायचा असला की शेतात भरीत करतात. भिंतीचा वाद असो, निवडणूक असो. आमचे नगरसेवक लेनच्या बाजूचे होते, लेन जिथे संपणार तिथे त्यांचे प्लॉट होते. त्यांनी सगळ्या वसाहतीला आपल्या शेतात भरीत-पुरीला बोलावलं, "बसून बोलू" म्हणाले. अशा वेळी शेताच्या तोंडाशी एकजण वही घेऊन बसतो. पुऱ्यांचा अंदाज यावा म्हणून प्रत्येक घराने नाव लिहायचं, सही करायची, मग आत जायचं. ती वही कधी कुणी वाचत नाही. भरिताच्या वहीत वाचायचं काय?

त्या दिवशी वहीजवळ मला बसवलं. "हिचं अक्षर चांगलं आहे," नगरसेवक म्हणाले. वही नव्हतीच, क्लिपबोर्डला लावलेले छापील कागद होते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर बारीक इंग्रजीत एक ओळ होती: खाली सही करणारे आम्ही रहिवासी या रस्त्यावरच्या बस लेनला पाठिंबा देत आहोत.

मी ती वाचली. परत वाचली. तेवढ्यात काका समोर आला. सगळ्यात आधी तोच आला होता, वांगी भाजायला. हाताला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास, बोटं काळी.

"कोठे करू सही?" त्याने विचारलं.

मी बोटाने जागा दाखवली.

त्याने पेन मुठीत धरून, मोठी, वेलांटी ओढलेली सही केली आणि मागच्यांना ओरडून सांगितलं, "करा रे सह्या! मनी पोर बशेल शे, चिंता नही." त्याच्यामागे रांग लागली. मी पानं उलटत राहिले. तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता.

आत पऱ्हाट्यांच्या जाळावर लांबट हिरवी वांगी फुटत होती. दोन माणसं लाकडी बडगीत सोललेली वांगी मुसळाने कुटत होती, आणि कुटता कुटताच वाद सुरू झाला. आमच्या गल्लीतले नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना लेन हवी होती.

"या हायवेवर मी किती मढी पाह्यलीत, तुले म्हाईत शे का?" नाना म्हणाले. "तुम्ही रिक्षावाले कोठेबी थांबतस, कोठेबी वळतस. रस्ता तुना बापना शे का?"

"हां, बापनाच शे!" काका उठला. "आमना बापनी जमीन गयी यामां. तू तर सरकारनी गाडी चालाडी, सरकारना डिझेलवर. तुले काय कळस?"

"माले येवढं कळस, का मना गाडीमां कधी सात मानसं एकमेकांना मांडीवर नही बसनात."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "नाना, तुमनी गाडी टाईमवर येती तर मानसं मांडीवर बसतात कशाले?" त्यावर आणखी हसले. हसणं काकाच्या बाजूचं होतं, तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण नाना पुढे म्हणाले, "बायामानसं सांगत नहीत म्हनीसन चालस तुमनं. इचारा त्यास्ले."

काकाने बडगीतलं मुसळ हिसकावलं. मारलं त्याने बडगीवरच, पण इतक्या जोराने की तिला उभी चीर गेली आणि गरम भरीत नानांच्या मानेवर, छातीवर उडालं. नाना किंचाळले. त्यांच्या मुलाने काकाच्या पोटात लाथ घातली. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. एकाने जळती पऱ्हाटी उचलली. पुऱ्यांची कढई उलटली, तेल जाळात गेलं आणि माणसाएवढी ज्वाळा उठली. मी क्लिपबोर्ड छातीशी धरून विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होते. "इचारा त्यास्ले" म्हटल्यावर एकाही माणसाने बायकांकडे वळून पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासाने सगळे केळीच्या पानांवर जेवायला बसले. भरीत न खाता कुणी उठत नाही. नाना मानेला हळद लावून जेवले.

पंधरा दिवसांनी महापालिकेच्या आमच्या भागातल्या ऑफिसबाहेर पाठिंबा देणाऱ्यांची यादी लागली. पहिली सही काकाची.

स्टँडवरच्यांनी त्याला काही विचारलं नाही. त्याच्याच रिक्षाचा टप फाडून ते कापड त्याच्या डोक्यावर टाकलं आणि आंधळ्यासारखा फिरत असताना मारला. "प्लॉट भेटना का रे, पुढारी?" असं विचारत मारला. एक कान अर्धा फाटला. डाव्या हाताची दोन बोटं मोडली.

संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन पप्पांच्या दुकानात शिरले, तेव्हा काका तिथे उभा होता. पप्पा विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करतात. वसाहतीचे अध्यक्ष म्हणून नगरसेवकांकडे तेच जात-येत असत. काकाला वाटलं, हे त्यांनीच केलं.

"तू इकं माले," काका म्हणाला. "सख्खा भाऊले इकं."

"मला काही माहीत नाही रे. मीपण जेवणाचीच सही केली."

काकाने चांगल्या हाताने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. पप्पा तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांवर पडले. चष्मा तुटला, ओठ फाटला. ते उठायला गेले, तर काकाने टेबलावरचा मोटरीचा लोखंडी शाफ्ट उचलला. पप्पांनी हात वर केला नाही. नुसतं "मार" म्हणाले.

"काका, मी वाचलं होतं," मी म्हणाले.

"कागदावर वर इंग्रजीत लिहिलेलं होतं. पाठिंबा म्हणून. तू सही करायच्या आधी मी वाचलं."

शाफ्ट वर तसाच होता. त्याच्या कानातून रक्त गळ्यात उतरत होतं.

"तू?"

"मला ती बस पाहिजे होती."

"काब्रं?"

मग मी सांगितलं. पाण्याची टाकी, पिशवी, कोपर, हात, पिन. दोन वाक्यांत सांगितलं असेन. पप्पा खाली बसल्या बसल्या ऐकत होते. काकाने शाफ्ट टाकला. तो फरशीवर पडला आणि फरशी फुटली.

"मी मरी गऊ का?" काका म्हणाला. "तू माले का बरं नही सांगं?"

"तू मारशील म्हणून."

त्याने पप्पांच्या रक्ताकडे पाहिलं आणि तो दाराकडे वळला. जाताना विचारलं, "कोन व्हता?"

"आठवत नाही."

प्रस्तावावर महापालिकेने ठेवलेल्या सुनावणीला मी गेले. नगरसेवक पहिल्या रांगेत बसले होते. मी टेबल धरून बोलले. कागद कशासाठी म्हणून दिले होते ते सांगितलं, आणि मी वाचूनही गप्प बसले होते हेही सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकेल पोरगी शे, गावले इकी टाकं." सह्या रद्द झाल्या. नव्याने सुनावणी घ्यायची ठरलं. रात्री आमच्या दारावर दगड आले, कुठल्या बाजूचे ते कळलं नाही.

काकाने बोटांना पट्टी असतानाच रिक्षाला नवा टप घातला. मागच्या सीटवर, एका बाजूला एक माणूस बसेल इतकी जागा सोडून, लोखंडी दांडा वेल्ड करून घेतला. स्टँडवरचे हसले, "पिंजरा केला का रे?" काकाने आपली वेळ माझ्या वेळेला जुळवून घेतली. रोज सकाळी मी दांड्याच्या आतल्या बाजूला बसायचे, आणि रोज तो आरशात बघून एकदाच विचारायचा, "कोन व्हता?" मी म्हणायचे, आठवत नाही. पाण्याची टाकी आली की मोबाईल बघायचे. तो माणूस तिथे नसायचा. मला वाटलं, त्याने वेळ बदलली असेल.

गेल्या महिन्यात तो टाकीपाशी उभा होता. तेच गंध, तीच पिशवी. त्याने हात केला आणि काकाने सवयीने ब्रेक दाबला.

"काका, थांबू नको."

रिक्षा त्याच्यासमोरून पुढे गेली. पन्नास पावलं गेली असेल, तेवढ्यात काकाने ती थांबवली.

"तोच?"

आरशात तो माणूस पिशवी सावरत आमच्याकडे चालत येत होता. त्याला वाटलं, रिक्षा त्याच्यासाठीच थांबलीय. काकाने सीटखाली हात घालून चाकाचा पाना काढला. पाना बराच मोठा आहे. माझ्या डोळ्यांसमोर टपाची दांडी आली, मग पप्पांचा ओठ. आणि खरं सांगायचं तर, एक क्षण मला वाटलं, उतरू दे याला.

"काका, तू उतरलास तर आतमधे जाशील," मी म्हणाले. "मग स्टँडही गेला, रस्ताही गेला. सुनावणीत बोलायलासुद्धा तू नसशील."

तो माणूस जवळ आला होता. त्याने दांडा पाहिला, मग मला पाहिलं, आणि थांबला. काकाने पाना उचलला आणि समोरच्या आरशावर घातला. काच त्याच्या मांडीवर, माझ्या ओढणीवर उडाली. परत घातला. आरशाची फक्त दांडी राहिली. तो माणूस पिशवी टाकून पळाला. डब्यातली भाजी रस्त्यावर सांडली. काका हँडल धरून बसून राहिला, मग त्याने रिक्षा सुरू केली. एमआयडीसीपाशी उतरताना मी म्हणाले, "मला बस अजूनही पाहिजे, काका."

"म्हाईत शे," तो म्हणाला.

नव्या सुनावणीत बोलणाऱ्यांची नावं मागवली आहेत. मी नाव दिलं, लेनच्या बाजूने. माझ्या आधीच्या ओळीत काकाचं नाव आहे, विरोधात, तीच मोठी सही. या वेळी त्याने आधी मला तो सगळा कागद वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायला लावला. सुनावणीला आम्ही त्याच्याच रिक्षाने जाणार आहोत.